जनरल अकोसूंची ‘माघार’

निवृत्त जनरल तेर्हेंबा अकोसूंनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दंड थोपटले, तेव्हा पक्षातल्या पुढाऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. पण म्हातारा आपल्या बेन्वे प्रांतापासून पार उत्तरेतल्या सोकोटोपर्यंत गावोगाव फिरला, आणि पुढाऱ्यांचं हसू मावळलं.

उमेदवार निवडायच्या अधिवेशनाच्या दुपारी राजधानी अबुजातल्या सभागृहामागच्या खोलीत पक्षाध्यक्ष अल्हाजी बुकारांनी त्यांना गाठलं.

“ओगा, साहेब, उमेदवार वरून ठरलाय. तुम्ही बाजूला व्हा. राजदूत म्हणून व्हिएन्नाला पाठवतो.”

“ठरलाय, तर मग देशभरातून एवढी माणसं कशाला बोलावलीत? जोलोफ भात खायला?”

“बेन्वेची तुमची माणसंसुद्धा आमच्या खिशात आहेत.”

“असतील. मतं पडू द्या, कळेलच.”

जनरल बाहेर येऊन पत्नीशेजारी बसले. “व्हिएन्नाची लालूच दाखवत होता.”

“इश्श! तिथल्या थंडीत माझे गुडघे धरतील,” न्गुवेरेन म्हणाली. “नाहीच म्हणालात ना?”

ते काही बोलायच्या आत बुकार मंचावरून गरजले, “पक्षाच्या ऐक्यासाठी जनरल अकोसूंनी मोठ्या मनाने माघार घेतली आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला, बँड वाजू लागला. जनरलांची कानशिलं तापली. लढाईत त्यांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, पण जिवंतपणी असं कुणी त्यांना निकालात काढलं नव्हतं. ते तरातरा माइकपाशी गेले. माइक बंद केलेला. मग कवायतीच्या मैदानावरचा तो जुना आवाज त्यांनी छातीतून काढला.

“मी माघार घेतलेली नाही! हा माणूस खोटं बोलतोय!”

बँड थांबला. दोन रक्षकांनी त्यांचे दंड धरले. “हात काढा,” जनरल हळूच म्हणाले. त्यांनी काढले.

तेवढ्यात बेन्वेतल्या ग्बोकोच्या प्रतिनिधी दूशिमाबाई, बाजारात कापड विकणाऱ्या, खुर्चीवर चढल्या. “नाव पुन्हा घाला! नाहीतर एक मत पडू देणार नाही!” बेन्वेचे लोक उठले, पाठोपाठ इतरही. बुकारांचा नाइलाज झाला; नाव परत घातलं गेलं आणि मतदान झालं.

जनरल हरले, सपाटून हरले. पण बेन्वेची बहुतेक मतं त्यांनाच पडली.

“आता तरी वर या, विजेत्याचा हात उंचावा,” बुकार म्हणाले.

“त्याने मला हरवलं, त्याचं अभिनंदन मी खाली उभा राहून करीन. पण तुमच्या मंचावर पाय ठेवणार नाही.”

दाराशी दूशिमाबाई भेटल्या. “ओगा, पुढच्या खेपेला?”

“तेव्हा मी ऐंशीचा असेन, बाई.”

“मग? आवाज तर शाबूत आहे!”

“उद्या गावी आमच्याच गाडीतून चला,” जनरल म्हणाले. “वाटेत बोलू.”