चादरीवरचा हात

बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोच धाकट्याने त्यांचा बाजार मांडला.

व्हिडिओ त्याच्या थोरल्या बहिणीनेच काढलेला. शेवटच्या दुपारी बाबांचा उजवा हात दवाखान्याच्या चादरीवर चालत होता. काठ उचलायचा, दुमडायचा, अंगठ्याच्या नखाने घडी दाबत न्यायची, की पुढचा काठ. जन्मभर छापील कागदांचे फर्मे दुमडून पुस्तकं बांधलेला माणूस; शुद्ध हरपली तरी हात कामावर हजर. परगावच्या भावाला बाबा दिसावेत तरी, म्हणून तिने ते टिपून पाठवलं होतं.

भाऊ फोनवरून जगाला यशाचे मंत्र देतो. त्याने त्या व्हिडिओमागे बासरीची धून घालून तो सगळ्यांसाठी टाकला आणि वर लिहिलं, ‘बाबांची शेवटची खूण : थांबू नकोस!’ पुढे बाबांच्या मरणाने त्याला शिकवलेले नेतृत्वाचे धडे.

“नेतृत्व?” तिने विचारलं. “बाबांच्या हाताखाली कधी एक माणूस तरी होता का रे?”

“ताई, तू शब्दांत अडकतेस. भावना बघ. लोक रडतायत.”

“तू रडलास?”

“माझा प्रवास वेगळा आहे.”

“तुझा प्रवास दवाखान्यापर्यंत झालाच नाही. काढून टाक ते.”

“आत्ता? आत्ता कुठे उचललं जातंय!”

शोकसभेत त्याने पडदा लावला, समोर फोन उभा करून थेट प्रक्षेपणही सुरू केलं. बासरी वाजली, हात दिसला. ती बसून राहिली. चारचौघांत तमाशा नको, एवढंच.

शेजारी आत्याने डोळे पुसले. “बघ गं, जाता जाता लेकाला पुढे जा म्हणाला माझा दादा.”

बाबांची सख्खी बहीणसुद्धा हेच मानणार! आज गप्प बसलं, तर उद्या घरात हेच खरं होऊन बसेल.

ती उठली. “आत्या, ते कुणालाच काही म्हणत नव्हते. काम करत होते.” तिने आत्याच्या शालीचा काठ उचलला, दुमडला, अंगठ्याच्या नखाने दाबत नेला. मग पुढचा.

आत्या शालीकडे पाहत राहिली. “अगं बाई... फर्मे दुमडत होता की गं. जेवताना रुमालसुद्धा असाच दुमडायचा मेला.” आणि ती हुंदके देत रडू लागली.

धाकटा समोरचा तो फोन हातात घेऊन धावत आला. त्याचे डोळे चमकत होते. “ताई, काय बोललीस! अंगावर काटा आला. एकदा परत, फक्त उजेडाकडे तोंड करून.”

तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

“ताई, अगं, चालू आहे तो! लोक बघतायत!”

“चालू दे. अंधार दाखव त्यांना,” ती म्हणाली आणि आत्याला पाणी द्यायला वळली.