एलायचा बाप कोण?

आजोबांच्या बापाचा शोध घेता घेता थर्झा थर्ल्बीने लिंकनशायरमधली एकही दफनभूमी सोडली नव्हती. थडग्यांवरचं शेवाळ खरवडून तिच्या नखांना कायमची हिरवी कड आली होती. तिच्या मार्श थॉर्नबी गावात तर लोक म्हणत, की ही बाई फाटकातून शिरताना दिसली की मेलेलेसुद्धा कूस बदलून झोपेचं सोंग घेतात.

आजोबा एलाय. त्यांची आई मार्था थर्ल्बी, बिनलग्नाची. बापाच्या नावाला चर्चच्या दप्तरात कोरी जागा. थर्झाचे वडील अखेरच्या दुखण्यातही "माझा आजा कोण होता गं?" असंच विचारत गेले. आता उत्तर ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं: वडिलांची धाकटी बहीण, केझाया आत्या. ती नव्वदीच्या पुढे गेली होती आणि येत्या हिवाळ्याची हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते.

"आत्या, एलायचा बाप कोण?"

"चहा घे. निवतोय."

"घेतला. कोण?"

"यंदा वाटाणा कसला लगडलाय, बघितलास?"

"मसणात गेला तुझा वाटाणा!"

"बापावर गेलीस. तोही असाच तडकायचा." आत्या गालातल्या गालात हसली. सगळं पोटात आहे, पण बाहेर काढणार नाही, असलं ते हसू. गेली कित्येक वर्षं थर्झा त्या हसण्यावर दात खात होती. "मी माश्यांना सांगून ठेवलंय सगळं. विचार जा त्यांना."

तिकडे घरातली बातमी मधमाश्यांना सांगावीच लागते. जन्म असो, लग्न असो, मरण असो, घराच्या किल्लीने त्यांच्या पेटीवर टकटक करायचं आणि सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसून घर सोडतात. आणि खोटं सांगितलं तर? शेजारच्या गावात एकाने बायको मेल्याची थाप मारली होती. सगळा थवा उठला, त्या बायकोच्या टोपीवर जाऊन बसला आणि तिला थेट माहेरी पोचवूनच परतला. हे आत्या शपथेवर सांगायची.

तीच गोष्ट थर्झाला आठवली आणि ती ताडकन उठली. खिळ्यावरची किल्ली ओढून ती परसात गेली आणि पहिल्या पेटीवर तिने दणदण ठोकलं.

"माश्यांनो, ऐका! एलायचा बाप म्हणजे तेव्हाचे आपले पाद्रीबाबा!"

ईस्टरपासून दोन काठ्यांशिवाय दारापर्यंतही न गेलेली आत्या कोबीच्या वाफ्यांवरून बिनकाठीची धावत आली.

"गप! गप बस, सटवे! पाद्री कुठला? त्या बावळटाला स्वतःचे बूट बांधता येत नव्हते!"

"मग कोण?"

"सरक." आत्याने किल्ली हिसकावली आणि पेटीवर हलकेच वाजवली. "बायांनो, ही खोटं बोलली. मूर्ख आहे, पण आपली आहे. खरं ते तुम्हाला माहीतच आहे. एलाय मार्थाच्या पोटचा नव्हता."

"काय?"

"मधे बोलू नकोस. मी यांच्याशी बोलतेय." आत्या पुन्हा पेटीकडे वळली. "गव्हाच्या कापणीला आयरिश मजुरांच्या टोळ्या आल्या होत्या. त्या गेल्या आणि मार्थाला पेंढ्यांत पोर सापडलं. सापडलेलं म्हणून सांगितलं असतं, तर गरीबखान्यात गेलं असतं. तिथून पोरं परत दिसत नसत. मार्था म्हणाली, माझं आहे. ती अंगानं अशी आडवी, की कुणाला शंका आली नाही. जन्मभर गाव तिला नावं ठेवत राहिलं. मला तिनं इथेच, या पेट्यांपाशी सांगितलं."

"आणि बाप?"

"अगं, आई कोण तेच कुणाला ठाऊक नाही, बाप कुठून आणू?"

थर्झा उपड्या बादलीवर बसली. "म्हणजे तुला माहीतच नव्हतं? मग इतकी वर्षं तशी हसत कशाला होतीस?"

"तुझ्या बापासाठी." आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्याला वाटायचं, निदान कुणाला तरी ठाऊक आहे. तेवढ्यावर तो तगून होता. तेही काढून घ्यायला हवं होतं?"

"आणि मी? मी एवढं शेवाळ खरवडलं, ते कुणाचं?"

"परक्यांचं. त्यांनी तक्रार केली नाही ना? मग ऊठ. यांची माफी माग. नाव सांगून माग, नाहीतर यांना कळायचं कसं, कोण बोलतंय ते?"

थर्झाने किल्ली घेतली आणि टकटक केली.

"मी थर्झा..."

आडनावापाशी ती अडली. आत घूं घूं चाललं होतं. आत्याने तिचा दंड धरला होता, आधारासाठी की धाकासाठी, ते कळत नव्हतं.

"बोल ना! थर्ल्बी! बदनामी सोसून दिलंय मार्थानं ते नाव, रस्त्यात पडलेलं नाही मिळालं."

"मी थर्झा थर्ल्बी," ती चरफडत म्हणाली. "मी खोटं बोलले."

"मोठ्यानं. मागच्या पेटीलाही ऐकू जाऊ दे."