हळदीचा हात

मित्रांनो, मी वाशीच्या खाडीकाठचं एक जुनं घर आहे आणि हल्ली मला माझं कौतुक ऐकवत नाही. दगडी जोतं, हातभर जाड चुन्याच्या भिंती, होडीतून आणलेल्या सागाचे खांब आणि पुढे ऐसपैस ओटा, असा माझा थाट. सव्वाशे वर्षांपूर्वी शिवा नावाच्या गड्याने मिठागरात राबून मला उभं केलं. तेव्हापासून घरातली प्रत्येक मुलगी माझ्याच अंगणातल्या मांडवातून सासरी गेली.

पुढे सत्तरच्या दशकात नवं शहर आलं. शेतं गेली, मिठागरं बुजली. माझ्यावरूनही रस्ता जाणार होता. शिवाचा पणतू पंढरी, त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे मला जतन करायचं ठरलं आणि रस्ता वळला. पंढरीने गावभर पेढे वाटले. जतन करायचं म्हणजे आधी घरच्यांनाच बाहेर काढायचं, हे त्या भोळ्याला कुठे ठाऊक होतं! त्याचं बिऱ्हाड कोपरखैरण्याला दोन खोल्यांत गेलं आणि मला कुलूप लागलं.

मग त्याच्या लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं. मांडवाची उंबराची मेढ अंगणातच रोवायची, म्हणून पंढरी परवानगी मागायला आला. माझ्या जतनावर नेमलेले सरकारी साहेब म्हणाले, इथे खणता येणार नाही, जोत्याला धक्का लागेल. हवं तर ओट्यावर फोटो काढा. मला अशी चीड आली! शंभर वर्षं मेढी रोवल्या, तेव्हा माझं काय बिघडलं होतं?

हळदीच्या दिवशी आत्या भागीरथी सगुणाला घेऊन आली. राखणदार मारोतीने त्यांना अडवलं. "आज बंद हाय. आन् हळद लागलेली पोरगी घराबाहीर कशाला काढली?"

"भाईर कुठं काढली?" भागीरथी म्हणाली. "ही तिचे घरी आलीय."

मारोती बाजूला झाला. सगुणाने हळदीचा ओला हात दाराशेजारच्या भिंतीवर उमटवला आणि ती रडली. किती वर्षांनी मला घरच्या माणसाचा हात लागला!

दुसऱ्या सकाळी साहेबांनी तो डाग बघितला. मूळ रंग बिघडतो म्हणत त्यांनी मारोतीकडून तो साबणाने घासून घेतला. दुपारी मला बघायला पाहुणे आले, तेव्हा साहेबांनी तिथेच उभं राहून त्यांना सांगितलं, "पूर्वी इथे घरातल्या मुलींची लग्नं होत."

मित्रांनो, जुनी घरं जरूर जपा, पण माणसांना बाहेर काढून जपू नका. त्याच दिवशी सगुणा सासरी गेली. कुठल्या दारातून गेली, ते मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.