दोघांपुरतं टेबल

मी दोघांपुरतं टेबल बोलतोय. दोघांपुरतं, हे मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण माझ्या उभ्या आयुष्यात ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

माझा जन्म खामगावचा. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जवळच्याच पिंपळगाव राजा या गावचा सहदेव मुंबईत एका बड्या फ्रेंच हॉटेलच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं राबला आणि एकच वेड डोक्यात घेऊन परत आला. नवरा-बायकोनं समोरासमोर बसावं, मेणबत्तीच्या उजेडात सावकाश जेवावं, चार गोष्टी बोलाव्यात. त्यासाठी त्यानं भाऊराव सुतारांकडून मला सागवानात घडवून घेतलं. माप ऐकून भाऊरावांनी रंधा खाली ठेवला. "एवढुसं? पाहुणा आला तं कुठं बसवशीन त्याले?" सहदेव नुसता हसला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

'पॅरिस भोजनगृह' थाटात उघडलं. माझ्यावर पांढरी चादर, काचेच्या पेल्यात गुलाब, शेजारी काटे-चमचे. खेड्यांतली बडी गिऱ्हाइकं संध्याकाळच्या मोटारीनं घरी परतायची, म्हणून सहदेव भर दुपारीच जाड पडदे ओढून अंधार करायचा. लोक दारातच थबकायचे आणि हळू आवाजात विचारायचे, घरातलं कोणी गेलं का.

बरं, येणारे जोडीनं यावेत की नाही? एका जोडप्याबरोबर सासू, दीर, आत्या आणि दोन पोरं. माझ्याभोवती सात माणसं आणि चौदा कोपरं! त्यात सहदेवची रीत अशी, की एक पदार्थ संपला की मगच दुसरा आणायचा. आमच्या लोकांची रीत अशी, की पान पुरतं वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. कांद्याचं सूप पुढ्यात ठेवून मंडळी भाकरीची वाट बघत बसायची आणि दाराआड सहदेव सूप संपायची वाट बघत उभा. अर्धा अर्धा तास असा जायचा. सूप गार व्हायचं आणि मी गरम.

एकदाच, फक्त एकदाच, दोघं आले. निवृत्ती हा सहदेवचा गावचा मित्र, आणि त्याची बायको रुख्मिणी. लग्नाला चार वर्षं झालेली. भरल्या घरात बापे आधी जेवत, मग पोरं, मग सासू, आणि शेवटी उरलंसुरलं रुख्मिणीला. तिला गरम घास खाताना निवृत्तीनं चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. तेवढं बघायचं म्हणून तो गडी आला होता. घरी सांगितलं होतं, हिचा दात दुखतो, डॉक्टरला दाखवून आणतो.

सूप आलं. वाफा निघत होत्या. मी तर श्वास रोखून धरला होता.

"तुमचं होऊ द्या," रुख्मिणी खाली बघत म्हणाली. "मंग माहं."

"इथं आपलं कोणी नाही पाह्यणारं. गरम हाय, खाय."

"तुमच्या आंधी मले घास जात नाही."

मग एकदमच खाऊ, असं त्यानं सुचवलं. तिनं मान हलवली. त्यानं नाना परीनं समजावलं, अखेर चिडून स्वतःच दोन चमचे घेतले. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला वाटलं, एक पाय मोडून घ्यावा आणि सगळं हिच्या पुढ्यात सांडावं, निदान हिचा हात तरी पुढे येईल.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं मेणबत्ती विझली. मिट्ट काळोख झाला. निवृत्तीनं रीतीप्रमाणे चमचा ठेवला आणि वाटीवर हात धरला. जेवताना दिवा गेला, तर तो लागेपर्यंत घास घ्यायचा नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सहदेव काडेपेटी घेऊन धावत आला.

"थांब, भाऊ," निवृत्ती म्हणाला. "लावू नको एवढ्यात." मग तो बायकोला म्हणाला, "माहं जेवण थांबलं. तुहं तं सुरूच नाही झालं. तुले कोणती रीत अडवते?"

काळोखात बांगड्या किणकिणल्या. मग चमचा वाटीला हळूच लागला. एक फुंकर. एक भुरका. पुन्हा भुरका.

"मीठ जास्त झालं," रुख्मिणी म्हणाली.

निवृत्ती इतका हसला की मी हललो. मेणबत्ती लागली तेव्हा तिचा पदर कपाळावर आला होता आणि वाटी रिकामी होती. त्याला बघायचं होतं, ते त्याला दिसलं नाहीच. ऐकू मात्र आलं.

पाच महिन्यांत 'पॅरिस' बसलं. सहदेव पुन्हा मुंबईला गेला. जाताना त्यानं मला दोन खुर्च्यांसकट बैलगाडीत घालून निवृत्तीकडे पिंपळगावला धाडलं. मला वाटलं, आता पांग फिटले. कसचं काय! आज माझ्यावर बियाण्याचे डबे आहेत, कंदील आहे आणि निवृत्तीच्या म्हाताऱ्या बापाचं पानाचं तबक आहे. एका खुर्चीवर म्हातारा बसतो, दुसरीवर ज्वारीचं पोतं. रुख्मिणी रोज मला पुसते आणि सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीशी, भिंतीकडे तोंड करून, गार भाकर खाते. तू तिच्या पाठीमागून हात धुऊन निघून जातोस, निवृत्ती, जणू त्या दुपारी माझ्याजवळ बसलेला तू कोणी दुसराच होतास.

मला याचा फार राग येतो. चार पायांवर उभा आहे, पण तुझ्या घरात एक पाऊल पुढे टाकू शकत नाही. तुला दोन पाय आहेत. सगळी रीत मोड असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्यालाही उठवू नकोस.

ते पोतं तेवढं उतरव, आणि तिला बस म्हण. तू उभा राहिलास तरी चालेल.