जावयानं विकलेलं घड्याळ

एकाहत्तर साली मी बेकार होतो आणि सासऱ्यांच्या घराच्या माडीवर राहत होतो. या दोन्ही गोष्टींची मला लाज वाटायला हवी होती, पण मी पोस्टानं सेल्समनशिपचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला होता, त्यामुळे वाटत नव्हती. माझी बायको सुमती विचारायची, "आतापर्यंत एक टाचणी तरी विकली का तुम्ही?" मी म्हणायचो, "संधी मिळू दे."

संधी दिली सासऱ्यांच्या मोतीबिंदूनं. त्यांचं, म्हणजे मधुकररावांचं, इतवारीच्या बाजारात घड्याळांचं दुकान होतं. ऑपरेशनसाठी त्यांना आठ-दहा दिवस दवाखान्यात राहायचं होतं. दुकान बंद कशाला, मी बसतो म्हणालो. जाण्याच्या आदल्या दिवशी मामाजी (सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो) मला कपाट न् कपाट समजावून सांगत होते. मी मात्र मनातल्या मनात पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलण्याची तालीम करत होतो. शेवटी ते म्हणाले, "आणि जावईबापू, ते भिंतीवरचं मोठं घड्याळ तेवढं..." पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. मान मात्र मी अगदी जबाबदारीनं डोलावली.

तिसऱ्या दिवशी कळमेश्वरचे चंपतराव आले. संत्र्याच्या बागेचे मालक. धोतर, पांढरी टोपी, बोलणं मोजकं.

"गजराचं घड्याळ दाखवा जी. पहाटे मोटर चालू कराले उठा लागते."

दुसरा कोणी असता तर त्यानं गजराचं घड्याळ काढून दिलं असतं. पण कोर्सच्या पाचव्या धड्यात लिहिलं होतं की गिऱ्हाइकाला खरं काय हवं ते त्याचं त्याला माहीत नसतं. मी दुकानभर नजर फिरवली. भिंतीवर सागवानी पेटीतलं, पितळी लंबकाचं, छातीएवढं उंच घड्याळ होतं. त्यावर किमतीची चिठ्ठी नव्हती. मामाजी विसरले असतील, असं मी ठरवून टाकलं.

"हे पाहा चंपतराव. लाटसाहेबाच्या बंगल्यातलं आहे." हा लाटसाहेब मी त्याच क्षणी जन्माला घातला.

"पन मले गजर पाह्यजे."

"अहो, गजराचं घड्याळ एकदा वाजतं. हे तासातासाला टोले देतं. दिवसाचे चोवीस गजर झाले की नाही? असं घड्याळ एकदा हातचं गेलं की पुन्हा मिळत नाही."

अर्धा तास तो भला माणूस नाही-नाही म्हणत होता आणि मी त्याला सोडत नव्हतो. अखेर तो हरला. मी हवेतून एक किंमत काढली, पावती फाडली आणि घड्याळ घोंगडीत गुंडाळून रिक्षात चढवून दिलं. घरी जाताना पावशेर जिलबी घेतली.

सुमतीनं जिलबी तोंडाशी नेली होती. मी सांगायला लागलो तसा तिचा हात तिथंच थांबला.

"कोणतं घड्याळ? भिंतीवरचं?"

"तेच! आहेस कुठं!"

"अहो, ते माझ्या आजोबांचं होतं." तिनं जिलबी ताटलीत परत ठेवली. "लिलावातलं भंगार म्हणून आणलं होतं त्यांनी. एकेक चाक हातानं घासून दोन वर्षांत चालू केलं. बाबा त्याच्यावरच काम शिकले. दुकानातली सगळी घड्याळं त्याच्यावरून लावतात. तुम्हाले बाबांनी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. तीच तर अडचण होती.

मामाजी दवाखान्यातून थेट दुकानात आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसायचं. मला वाटलं, दोन दिवस तरी निभावेल. पण ते उंबरठ्यातच थांबले. पन्नास घड्याळं टिकटिकत होती.

"मोठ्याचा आवाज काहून येत नाही?"

मी सगळं सांगितलं. लाटसाहेबासकट. ते खुर्चीवर बसले. जावयाला बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. माझ्याकडे न पाहता त्यांनी पंख्याला चार शिव्या दिल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जेवले का?" त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं कळमेश्वरला गेलो. चंपतरावांनी बैठकीत बसवलं, संत्री पुढे ठेवली. समोरच्या भिंतीवर आमचं घड्याळ होतं, त्याला झेंडूचा हार घातलेला. आम्ही का आलो ते कळताच त्यांची बायको जिजाबाई दारातूनच सुमतीला म्हणाली, "घेऊन जा वं बाई हे! रातभर ठण ठण करते. आमची म्हैस बुजते."

"तू थांब," चंपतराव म्हणाले. "हे घड्याळ मी देनार नाही. तुमच्या जावयानंच सांगतलं, हातचं गेलं तं पुन्हा मिळत नाही म्हनून."

मी घसा खाकरला. विकता येतं तसं न-विकताही आलं पाहिजे, असा विचार केला. "खरं सांगू का, चंपतराव? फार जुनं आहे ते. रोज दहा मिनिटं मागं पडतं. लाकूडही आतून किडलंय..."

"कोण म्हणते मागं पडते?" मामाजी ताडकन उठले. "तीस वर्षांत मिनिटभर हललं नाही! आणि कीड? अस्सल सागवान हाय ते!"

चंपतराव समाधानानं माझ्याकडे वळले. "पाहा! माल चोख हाय."

आणि ते संत्रं सोलायला लागले. तेवढ्यात घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. तो लंगडत होता, एक ठोका लांब, एक आखूड. घड्याळ जरासं तिरकं टांगलं होतं. मामाजींना राहवेना. न विचारता ते स्टुलावर चढले. दिसत तर नव्हतंच, म्हणून त्यांनी पेटीला कान लावला, खालून तळहात धरला आणि ती केसभर डावीकडे सरकवली. पुन्हा ऐकलं. पुन्हा केसभर. ठोके सारखे झाले. मग उपरण्याच्या टोकानं त्यांनी काच पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून. पुसून झाल्यावरही ते खाली उतरेनात.

चंपतराव खालून पाहत होते. "कोनाचं होतं जी हे?"

"वडिलांचं."

"मंग विकलं काहून?"

"चुकी झाली," मामाजी म्हणाले. कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

"माझी," मी म्हणालो. त्या दिवशीचं माझं एवढंच वाक्य खरं होतं, म्हणून आणखी एक जोडलं. "लाटसाहेबही नव्हता कोणी."

चंपतरावांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं. मग हार काढला. "घेऊन जा. मानसाच्या बापाची वस्तू घरात ठेवून मले झोप नाही येनार."

"तशीही कुठं येते!" जिजाबाई आतून ओरडली.

सुमतीनं पिशवीतून दुकानातलं सगळ्यात चांगलं गजराचं घड्याळ काढलं, ते आणि घेतलेले पैसे चंपतरावांच्या हातात ठेवले. घरातून निघतानाच तिनं ते बरोबर घेतलं होतं. कोर्स मात्र मी केला होता.

परतीच्या एसटीत मामाजींनी घड्याळ मांडीवर आडवं धरलं होतं. खड्डा आला की ते माझ्याकडे पाहत, जणू खड्डेही मीच खणले होते. सुमती खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. तिचे खांदे मला दिसत होते.

महिनाभरानं मामाजींनीच खटपट करून मला लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत चिकटवलं. पहिल्या दिवशी मला पोचवायला आले. फाटकात उभं राहून त्यांनी लाकडांच्या ढिगांवरून दुरूनच हात फिरवला आणि पूर्ण अदबीनं म्हणाले, "जावईबापू, इथलं सगळं विकायचं हाय."

तिथं मी अकरा वर्षं टिकलो.