संपलं म्हणजे बरोबर

"उरलाच परत! माझाच हात सैल सुटलाय, दुसरं काय."

सासूबाई भाताच्या पातेल्यात डोकं घालून स्वतःशीच पुटपुटत होत्या. तळाशी राहिलेला मूठभर भात त्यांनी असा खरवडून काढला, जणू त्यानंच काही गुन्हा केला होता. मग संध्याकाळसाठी मापून ठेवलेल्या तांदळातली एक मूठ उचलली, डब्यात परत टाकली आणि झाकण दाबून बसवलं.

मोरीपाशी भांडी घासणाऱ्या धाकट्या सुनेनं ते तिरक्या नजरेनं पाहिलं. मूठ कमी झाली होती. तिला तेच हवं होतं.

या घरात स्वयंपाकाचा एकच नियम होता आणि तो सासूबाईंना त्यांच्या सासूनं दिला होता. उरलं तर जास्त झालं, पुढच्या वेळी मूठभर कमी टाकायचं. संपलं तर बरोबर झालं. कमी पडलं तर काय करायचं, हे नियमात नव्हतंच, कारण या घरात कधी कमी पडतच नसे. आधी पुरुष जेवत. सासरे आणि दोन मुलगे, तिघंही खालच्या कारखान्यात लाकूडकाम करणारे, रंध्यावर भूक तासून वर येणारे. त्यांच्याबरोबर थोरलीची मुलगी, मुंगी. मग सासूबाई. आणि सगळ्यात शेवटी थोरली सून, ओट्याला पाठ लावून, पातेल्यातच. तिच्यानंतर पातेलं नेहमी लख्ख. अगदी बरोबर.

थोरली सहा महिन्यांपूर्वी गेली. जिन्यात टेकली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी कागदावर अशक्तपणा लिहिलं, शेजाऱ्यांनी नशीब म्हटलं, सासरे म्हणाले, "पहिल्यापासून नाजूकच होती." दिवस उरकल्यावर तिच्या नवऱ्यानं रंधा हातात घेतला तो घेतलाच. मागे राहिली नऊ वर्षांची मुंगी. नाव वेगळं होतं, पण सदा काहीतरी उचलून तुरुतुरु चालायची, म्हणून मुंगी.

आणि आता सासूबाईंनी जाहीर केलं होतं, "पुढच्या महिन्यात हिला दहा पुरी होतायत. पुरुषांबरोबर बसणं बंद. शेवटी जेवायची सवय आत्तापासून लागलेली बरी. परक्या घरी जायचंय."

शेवटची जागा रिकामी होती ना. ती भरायलाच हवी होती.

धाकटी गावाच्या पंपघरात कामाला होती, सकाळीच डबा घेऊन निघायची. टाकीची पातळी बघायची, पंप चालू-बंद करायचा, तक्रारवही लिहायची. त्या वहीत एका टोकाच्या गल्लीची वर्षभरात एकही तक्रार नव्हती. साहेबांनी खूश होऊन त्या बाजूचा पाण्याचा दाब आणखी उतरवला. निवृत्तीला टेकलेल्या इंजिनिअरबाई मात्र धाकटीला घेऊन थेट त्या गल्लीत गेल्या. नळांना गंज चढलेला. एक म्हातारी लांबून हंडा आणत होती. ती म्हणाली, "पाणी होय? ते मागायचं आम्ही केव्हाच सोडलं."

परत आल्यावर बाईंनी पंपघराच्या फरशीवर खडूनं एक गोल काढला.

"हे बघ. पाणी कमी, म्हणून लोकांनी आशा सोडली. आशा सोडली, म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणून वहीत सगळं छान. वहीत छान, म्हणून पाणी आणखी कमी. आता सांग, चोर कोण?"

"साहेब."

"साहेब बदल. गोल फिरतोच आहे. माणसं नको बघूस बाई, बाण बघ. आणि तक्रार कुठून येते ते सगळेच बघतात. जिथून येत नाही, तिथं आधी जायचं."

धाकटी त्या गोलाकडे बघत राहिली. तिला नळ दिसेना, पातेलं दिसायला लागलं. थोरलीला कमी पडायचं. ती बोलायची नाही. पातेलं रिकामं दिसायचं, म्हणजे बरोबर. कधी ताप आला, घास उतरला नाही, की भात उरायचा. उरला की मूठ कमी. माप खाली यायला वाट होती, वर चढायला नव्हती. पोटात नाही म्हणून अंगात त्राण नाही, त्राण नाही म्हणून काम हळू, काम हळू म्हणून बोलणी. आणि बोलणी खाऊन पोट भरलेल्या बाईची भूक मरते, हे काय सांगायला हवं? पुन्हा भात उरला. पुन्हा मूठ.

त्या दिवशी तिनं खडूचा तुकडा पिशवीत टाकून घरी आणला. माणसं बघू नकोस, हे बाईंचं म्हणणं तिनं ऐकलं नाही. तिला माणसंच बघायची होती. एकेकाला. उपाशी.

तिनं पहाटेची पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारी वाढायला घरी. मुंगीला तिथं बसवेपर्यंत थोरलीच्या जागी ती शेवटची. पोटापुरतं पंपघरात खाऊन यायची आणि आपल्या वाट्याचा भात पातेल्यात तसाच ठेवायची. सासूबाई कुरकुरायच्या, मूठ काढायच्या. मुठी निघत निघत तिचा वाटा संपला, तेव्हा सासूबाईंना वाढताना चमचा जरा उथळ भरू लागली, तरी तळाशी घासभर राहीलच असं बघून. सूड घ्यायला ना विष लागलं, ना आरडाओरडा. त्यांचाच नियम, त्यांचीच मूठ. कमतरता अशीच एकेक ताट चढत पहिल्या ताटापर्यंत जाईल, असा तिचा हिशोब होता. थोरल्या भाऊजींचं ताट, मग नवऱ्याचं, मग मामंजींचं. त्या दिवशी ती समोर बसून बघणार होती.

महिना होत आला. मामंजींच्या ताटातलं शीतही हललं नाही. हलणार कसं? त्यांचं ताट आधी भरायचं.

मग एका सकाळी तांदूळ निवडता निवडता सासूबाईंनी भिंत धरली. सूप कलंडलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, एवढा तो हात वाळला होता.

"काय झालं आई?"

"काही नाही गं. जरा अंधारी आली."

शब्द न् शब्द थोरलीचे. आवाजही तसाच, कुणाला ऐकू जाऊ नये एवढा बारीक. महिनाभर या बाईला कमी पडत होतं आणि ती एकदाही म्हणाली नव्हती, अजून वाढ. मागायचं नसतं, हे ती चाळीस वर्षांपूर्वीच शिकली होती. तिच्यावर उगवलेलं तिनं थोरलीवर उगवलं, आणि थोरलीचं धाकटीनं तिच्यावर. गोल कसा छान फिरत होता! फक्त बाण तिसऱ्यांदाही बाईच्याच ताटात येऊन रुतला होता.

दुपारी मुंगीनं आपल्या ताटातला अर्धा भात गुपचूप पातेल्यात परत टाकला.

"का गं?"

"सवय करतेय काकू," मुंगी म्हणाली. "मला जमतं. बघ, भूकच लागत नाही."

धाकटीचा सूड तिथं मेला नाही. त्याला फक्त पत्ता सापडला.

दुसऱ्या दिवशी तिला पंपघरातून सुट्टी होती. पुरुष वर यायच्या आधीच तिनं तीन ताटं मांडली. मुंगी, सासूबाई, आणि ती स्वतः.

"अगं भलतंच काय! अजून कुणी जेवलं नाहीये," सासूबाई घाबऱ्या झाल्या.

"बसा. मागे कोण राहिलंय ते बघू नका. पोट भरेपर्यंत उठायचं नाही."

सासूबाई बसल्या. पहिले दोन घास चोरून खाल्ल्यासारखे खाल्ले. तिसऱ्या घासाला त्यांचे डोळे भरून आले. मग मात्र त्यांनी मान वर केली नाही, ताट स्वच्छ होईपर्यंत.

पुरुष आले, हात धुऊन बसले. तीन ताटांत दोन-दोन चमचे भात पडला आणि चमचा पातेल्यावर खणकन वाजला.

"भात कुठाय?" मामंजी.

"संपला."

"संपला म्हणजे? आमचं जेवण व्हायचंय!"

"संपला म्हणजे बरोबर शिजवला. तुमच्या घरचाच नियम आहे ना?"

मामंजींचा आवाज शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडण्याइतका चढला. धाकटी शांतपणे ऐकत होती. चाळीस वर्षं या पातेल्यात कमी पडत होतं, कुणाला कळलं नाही. आज एका ताटात कमी पडलं, तर हात वाळायच्या आत सगळ्या आळीला कळलं!

"हे काय चालवलंयस तू?" तिचा नवरा ओरडला.

तिनं पिशवीतला खडू काढला आणि चुलीमागच्या काळ्या भिंतीवर गोल काढला. पातेल्यात भात उरला. मूठ कमी. पोट रिकामं. अंगात त्राण नाही. बोलणी. गप्प बसणं. पुन्हा पातेलं. प्रत्येक शब्दापुढे बाण. मग थोडं थांबून तिनं एक बाण वाढवला आणि त्याच्या टोकाशी लिहिलं, डबा.

"हा माझा. थोरल्या ताई असताना मी सकाळी आधी डबा भरून घ्यायचे. त्यांच्याच वाट्यातला. मी पण आहे यात, सुटलेले नाही. आता तुम्ही आपापली जागा शोधा."

थोरला खाली मान घालून म्हणाला, "ती मला कधी बोलली नाही."

"ताटावरून उठताना पातेल्यात डोकावलात कधी, भाऊजी?"

त्यानं वाकून पातेल्यात पाहिलं.

"पुरे झालं!" मामंजींनी ताट सरकवलं. "थोरलीचं इथं काय काढलंस? ती आजारी होती. डॉक्टरांचा कागद आहे."

"काय लिहिलंय कागदावर?"

"अशक्तपणा लिहिलंय!"

"कशानं आलेला?"

मुंगी भिंतीवरचे बाण बोटानं एकेक करत गिरवत होती. गोल पुरा करून तिचं बोट परत पातेल्यापाशी आलं आणि तिनं वळून आजीकडे बघितलं.

सासूबाई उठल्या. तांदळाचं माप डब्यातून काढून त्यांनी नवऱ्याच्या ताटापुढे ठेवलं.

"ती आजारानं नाही गेली," त्या म्हणाल्या. "उपाशी मारली आपण तिला. मी मोजून, आणि तुम्ही जेवून."