दुर्गाबाईचा कडता

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. सोनाराचा नाजूक तराजू नव्हे हं! निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आढ्याला टांगलेला, लाकडी पारड्यांचा आणि जाड साखळ्यांचा दांडगा गडी. गोणपाटात शिवलेले तंबाखूचे बोद तोलण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. खकाण्याने सारी वखार शिंकायची. मी मात्र कधी शिंकलो नाही. दांडी हलली असती ना!

आमच्याकडे एक रीत होती. बोद तोलला की तोलार भरमू गोणपाटाचे आणि ओलीचे चार शेर वजा करायचा आणि मगच आकडा पुकारायचा. या वजावटीला कडता म्हणत. भरमूच्या जिभेला तो इतका बसला होता की झोपेतही त्याने कडता काढला असता.

वखारमालक मारुतीरावांची बायको दुर्गाबाई अंगाने भरलेली आणि मनाने मोकळी. पंचमीला तिच्याबरोबर फुगडी घालायला कुणी हात देत नसे, एवढेच तिचे दुःख. एका दसऱ्याला माझी पूजा झाली आणि भरमूने गंमत म्हणून घरच्या बायकांना तोलले. सणाचा दिवस, व्यापार बंद; कडत्याची आठवण कुणाला? दुर्गाबाई आणि तिची काटकुळी जाऊ बायाक्का, दोघींची वजने बरोबर पुकारली गेली.

पुढे एक फिरता विक्रेता आला आणि ‘महिन्यात सडपातळ’ म्हणत त्याने दुर्गाबाईच्या हाती गोळ्यांची बाटली दिली. बाटलीवर मडमेचे चित्र होते. आत काय आहे ते कुठेच लिहिले नव्हते. डॉक्टरला विचारावे, असे कुणाच्या मनातही आले नाही.

रोज एक गोळी खात महिन्याभराने ती पुन्हा पारड्यात बसली. ऐन थंडीत तिला दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते. तिच्या काळजाची धडधड माझ्या साखळ्यांना जाणवली आणि मी घाबरलो. भरमू सकाळपासून बोद तोलत होता. त्याच सुरात त्याने आकडा पुकारला. दसऱ्यापेक्षा चार शेर कमी!

“उतरलं गं बाई!” दुर्गाबाईने टाळी वाजवली. “उद्यापास्नं दोन दोन गोळ्या खाते!”

माझी दांडी खरे तेच सांगत होती. वजन रतीभरही उतरले नव्हते. एका गोळीने ही दशा, मग दोन गोळ्यांनी या हसऱ्या बाईचे काय होणार? मला ओरडावेसे वाटले, पण तराजूला कुठला आवाज?

“मला बी तोल की रं भरमू,” म्हणत बायाक्का पारड्यात चढली. भरमूने आकडा पुकारला. तीही चार शेर कमी!

“अरं, मी कुठं गोळ्या खाल्ल्या?” बायाक्का किंचाळली. “आदीच मी काडी, त्यात चार शेर गेलं कुठं?”

भरमूने कपाळावर हात मारला. “आक्का, लई चुकलं! तुमचा दोघींचा बी कडता काढला की वो मी!”

सारी वखार पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्याने दुर्गाबाई हसली आणि हसता हसता छाती धरून खाली बसली. मारुतीरावांनी तडक मोटार गाठली आणि तिला बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

दोन दिवसांनी ती टवटवीत होऊन परतली. “बाई म्हणाल्या, औषद वाईट नसतंय,” तिने सगळ्यांना सांगितले. “पर काळीज न तपासता, किती घ्यायचं ते न ठरवता घेतलं, तर ते इखच. त्यापरास चाला, म्हणाल्या.”

ती चालली. वजन थोडे उतरले, पण दम भलताच वाढला. पंचमीला वखारीच्या अंगणात बायाक्काने तिला हात दिला आणि दोघी अशा गरगरल्या की माझ्या साखळ्या आनंदाने किणकिणल्या.

पुढे औषधांचा कायदा झाला, जालीम औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागू लागली. वखारीत नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. मित्रांनो, मला तेल नाही घातले तरी चालेल. पण बाटलीवरच्या चित्राला भुलून जीव पणाला लावू नका. आधी जाणत्या डॉक्टरला विचारा.

दर दसऱ्याला मात्र मला पुन्हा आढ्याला टांगतात. दुर्गाबाई पारड्यात ऐसपैस बसते आणि म्हाताऱ्या भरमूला दम भरते, “माझं हाय तेवढं समदं सांग रं. कडता काढशील तर बघ!”